कठोर टीका आणि कार्यस्थळीय छळ (तंत्रज्ञान क्षेत्र)

कठोर टीका आणि कार्यस्थळीय छळ यांतील भेद हा संघटन-मानसशास्त्र, कामगार कायदा आणि सॉफ्टवेअर अभियांत्रिकी या तिन्ही क्षेत्रांत चर्चिला जाणारा प्रश्न आहे. एखाद्याच्या कामातील दोष सौम्य शब्दांचा आडपडदा न ठेवता थेट दाखवून देणे म्हणजे कठोर टीका. एखाद्या व्यक्तीला लक्ष्य करून, तिला स्वतःचा बचाव करणे अवघड जाईल अशा स्थितीत, वारंवार केलेले अपमानकारक, धाक दाखवणारे किंवा एकटे पाडणारे वर्तन म्हणजे छळ. तंत्रज्ञान क्षेत्रात या दोहोंची सरमिसळ विशेष प्रमाणात आढळते, कारण सहकाऱ्याच्या कामातील चुका शोधणे हा तेथील नित्याच्या कामाचाच भाग असतो. सदोष आज्ञावली वेळीच अडवली नाही, तर तिची झळ बँकेच्या खातेदारापासून रुग्णालयातील रुग्णापर्यंत कोणालाही बसू शकते. त्यामुळे टीका टाळून हे काम चालत नाही. आणि टीका अनिवार्य असल्यामुळेच तिच्या आडोशाने छळ करणेही सोपे जाते.

भेद चुकला तर नुकसान दोन्ही बाजूंनी होते. प्रत्येक कडक शब्दाला छळ ठरवले, तर दोष दाखवणारे गप्प बसतात आणि दोष तसेच राहतात. छळाला 'स्पष्टवक्तेपणा' म्हणून सोडून दिले, तर माणसे निघून जातात, आणि जी उरतात ती स्वतःच्या चुका लपवू लागतात.

संज्ञा आणि व्याख्या

मराठीत या प्रकारच्या छळासाठी एकच रूढ शब्द नाही. वृत्तपत्रांत 'मानसिक छळ', 'छळवणूक', 'जाच', 'दादागिरी' असे शब्द प्रसंगानुसार येतात. शैक्षणिक संस्थांतील याच जातीच्या वर्तनाला 'रॅगिंग' म्हणतात आणि त्यासाठी महाराष्ट्रात १९९९ पासून स्वतंत्र प्रतिबंधक अधिनियम आहे. विद्यार्थी पदवी घेऊन नोकरीला लागला, की मात्र तशाच वर्तनाला कायद्यात स्वतंत्र नाव उरत नाही. कठोर टीकेसाठी भाषेत शब्दांची वाण नाही: कानउघाडणी, तंबी, ताशेरे, खरडपट्टी, पाणउतारा. या यादीत 'कानउघाडणी'पासून 'पाणउतारा'पर्यंत जाताना रोख कामावरून माणसावर सरकत जातो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कार्यस्थळीय छळाचा पद्धतशीर अभ्यास १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये सुरू झाला. जर्मनीत जन्मलेले मानसशास्त्रज्ञ हाइन्ट्स लेमन यांनी त्यासाठी 'मॉबिंग' ही संज्ञा वापरली. कोनराड लोरेन्ट्स यांच्या प्राणिवर्तनविषयक लेखनातून आलेली ही संज्ञा त्याआधी शाळकरी मुलांच्या संदर्भात स्वीडनमध्ये रुळली होती. लेमन यांनी ४५ प्रकारच्या कृतींची सूची तयार केली आणि त्यांपैकी एखादी कृती आठवड्यातून किमान एकदा व किमान सहा महिने घडत असेल, तर तिला मॉबिंग म्हणावे, असा निकष सुचवला. हा कालावधी संशोधनाच्या सोयीसाठी ठरवलेला होता. पाचव्या महिन्यात सोसणाऱ्याला त्रास होत नाही, असा त्याचा अर्थ नाही. तथापि या निकषामुळे पुनरावृत्ती ही छळाच्या व्याख्येतील मध्यवर्ती अट बनली आणि पुढील बहुतेक व्याख्यांत ती टिकून राहिली. दुसरी अट सत्तेच्या विषमतेची. तुल्यबळ असलेल्या दोघांतील भांडणाला, ते कितीही कडाक्याचे असले तरी, अभ्यासक सहसा छळ म्हणत नाहीत.

नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाचे स्टोले आइनार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली नकारात्मक कृतींची २२ कलमी प्रश्नावली आज या विषयावरील संशोधनात मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिच्यात आरडाओरडा आणि धमकी यांबरोबरच आवश्यक माहिती न पुरवणे, पात्रतेपेक्षा हलके काम देणे, अशक्य मुदत घालणे, कामावर अवाजवी पाळत ठेवणे आणि केलेल्या चुकांची वारंवार आठवण करून देणे, ही कलमे आहेत. कामावरील सततची टीका हेही त्यांत एक स्वतंत्र कलम आहे. म्हणजे टीका कामाबद्दलची आहे एवढ्यावरून ती छळ नाही असे संशोधक मानत नाहीत.

कोड रिव्ह्यूची परंपरा

संगणक आज्ञावली लिहिणाऱ्याला स्वतःच्या चुका सहज दिसत नाहीत, हे या व्यवसायाच्या आरंभापासून ज्ञात आहे. जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द सायकॉलॉजी ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथात 'अहंकाररहित प्रोग्रॅमिंग'ची कल्पना मांडली. प्रोग्रामर आपल्या आज्ञावलीला स्वतःचाच विस्तार समजतो. मग तिच्यातील दोष हा त्याला स्वतःतील दोष वाटतो आणि तो ती इतरांना दाखवण्याचे टाळतो, असे त्यांचे निरीक्षण होते. उदाहरणादाखल त्यांनी जॉन फॉन नॉयमन यांचा दाखला दिला आहे. फॉन नॉयमन स्वतःला सुमार प्रोग्रामर म्हणवत आणि आपले काम शेजाऱ्यांपुढे तपासायला टाकत. एवढ्या मोठ्या गणितज्ञाला हा विनय परवडण्याजोगा होता. आपले स्थान अजून सिद्ध करायचे असलेल्या नवख्या कर्मचाऱ्याला तो तितकाच परवडेल का, हा प्रश्न त्या दाखल्याने सुटत नाही.

आयबीएममधील मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये आज्ञावलीच्या औपचारिक तपासणीची पद्धत वर्णिली. तीत समन्वयक, आराखडाकार, आज्ञावलीकार आणि चाचणीकार अशा भूमिका ठरवून दिलेल्या होत्या. तपासणीत सापडलेल्या चुका कर्मचाऱ्याच्या कार्यमूल्यमापनासाठी वापरू नयेत, असा इशाराही फेगन यांनी दिला होता. या इशाऱ्यामागचे तर्कशास्त्र साधे आहे: चूक सापडण्याची किंमत माणसाला मोजावी लागली, तर तो चूक सापडू देत नाही. पुढे औपचारिक बैठकींची जागा संगणकीय साधनांवरील 'कोड रिव्ह्यू'ने घेतली. या पद्धतीत एकाने सुचवलेला बदल दुसऱ्याने मान्य केल्याशिवाय मुख्य आज्ञावलीत समाविष्ट होत नाही. परिणामी परीक्षकाच्या हाती, तो हुद्द्याने वरिष्ठ नसला तरी, अडवणुकीचा अधिकार येतो.

या अधिकाराचा दुरुपयोग कसा ओळखावा, यावर गूगलमधील संशोधकांनी २०२० मध्ये एक अभ्यास सादर केला. परीक्षक बदल अडवून धरत असताना निर्माण होणाऱ्या अनावश्यक व्यक्तिगत संघर्षाच्या जाणिवेला त्यांनी 'पुशबॅक' असे नाव दिले. परीक्षणाच्या फेऱ्या किती झाल्या, परीक्षकाने किती वेळ घालवला आणि लेखकाला बदल मार्गी लावण्यासाठी किती वेळ द्यावा लागला, या तीन नोंदींवरून असा संघर्ष कुठे असू शकेल याचा अंदाज बांधता येतो, असे त्यांना आढळले. या मापांत शिवी किंवा अपशब्द कुठेच नाहीत.

लिनक्स कर्नलचे उदाहरण

या विषयावरील सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण लिनक्स कर्नलचे आहे. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आज जगभरातील सर्व्हर आणि अँड्रॉइड फोन यांचा पाया आहे. त्याचा विकास जाहीर ईमेल चर्चेतून होतो. कर्नलचे निरनिराळे भाग 'मेंटेनर' म्हणवणाऱ्या देखभालकर्त्यांकडे सोपवलेले असतात. ते आपापल्या भागातील बदल तपासून वर पाठवतात आणि अंतिम निर्णय टॉरवाल्ड्स घेतात. मेंटेनरांपैकी बरेच जण मोठ्या कंपन्यांचे पगारी कर्मचारी असतात. त्यामुळे हा प्रकल्प कोणत्याही एका कंपनीचे कार्यालय नसला तरी त्यांच्यासाठी ते कामाचे ठिकाणच ठरते.

डिसेंबर २०१२ मध्ये कर्नलच्या ३.८ आवृत्तीवर काम चालू असताना माध्यम विभागातील एका बदलामुळे कर्नल चुकीचा त्रुटी-संकेत परत करू लागला आणि ध्वनीशी संबंधित काही प्रोग्राम बिघडले. त्या विभागाच्या मेंटेनरने दोष त्या प्रोग्रामांचा असल्याचे सुचवले. त्यावर टॉरवाल्ड्स यांनी शिवीगाळ करत त्याला गप्प बसण्यास सांगितले. कर्नलमधील बदलामुळे वापरकर्त्याचा चालू असलेला प्रोग्राम बिघडला, तर दोष कर्नलचाच मानायचा, हा प्रकल्पाचा पहिला नियम आहे, असे त्यांनी त्याच उत्तरात बजावले.

तांत्रिकदृष्ट्या टॉरवाल्ड्स यांचे म्हणणे बरोबर होते आणि त्याबद्दल फारसा वाद झाला नाही. ज्या नियमामुळे लिनक्सवर अवलंबून असलेल्यांना नवी आवृत्ती निर्धास्तपणे घेता येते, त्याच नियमाचे ते रक्षण करत होते. म्हणूनच हे पत्र या विषयाच्या चर्चेत वारंवार येते: त्यातून शिव्या वगळल्या, तर तांत्रिक आशय जराही कमी होत नाही. टॉरवाल्ड्स यांचा युक्तिवाद असा होता, की आपण नवख्यांवर नव्हे, तर ज्यांना हे कळायला हवे अशा अनुभवी मेंटेनरांवरच ओरडतो. हा युक्तिवाद पूर्णपणे पोकळ नाही. परंतु ही पत्रे जाहीर असल्याने ती नवखेही वाचत होते, आणि उद्या आपण चुकलो तर काय होईल याचा अंदाज त्यांना त्यावरूनच येत होता.

जुलै २०१३ मध्ये यूएसबी ३.०शी संबंधित भाग सांभाळणाऱ्या, त्या वेळी इंटेलमध्ये नोकरीस असलेल्या एका व्यक्तीने या भाषेला जाहीर आक्षेप घेतला. आपल्याशी सभ्यतेनेच बोलले पाहिजे, असा तिचा आग्रह होता. टॉरवाल्ड्स यांनी तो मानला नाही. ज्याला कार्यालयांत 'व्यावसायिक वर्तन' म्हणतात, त्यातून खोटा विनय, पाठीमागून केलेले वार आणि राजकारण वाढते, त्यापेक्षा उघड राग बरा, अशी त्यांची भूमिका होती. या भूमिकेत तथ्याचा अंश आहे, याची साक्ष कोणत्याही मोठ्या कार्यालयात काही वर्षे काढलेला मनुष्य देईल. मात्र उघड शिवी आणि छुपा वार यांच्याखेरीज तिसरा मार्गच नाही, हे त्यातील गृहीतक सिद्ध झालेले नव्हते. आक्षेप घेणारी ती व्यक्ती पुढे कर्नलच्या कामातून बाहेर पडली आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये तिने त्याची कारणे जाहीरपणे मांडली.

मार्च २०१५ मध्ये प्रकल्पाने 'कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट' नावाचा छोटा मसुदा स्वीकारला होता. आज्ञावलीवर कसून टीका होणारच, हे त्यात गृहीत धरले होते आणि कोणाला व्यक्तिगत अपमान किंवा धमकी सोसावी लागली तर दाद मागण्याची तरतूद होती. १६ सप्टेंबर २०१८ रोजी टॉरवाल्ड्स यांनी ४.१९ या आवृत्तीचा चौथा चाचणी टप्पा जाहीर करतानाच आपल्या वर्षानुवर्षांच्या वर्तनाबद्दल माफी मागितली आणि कामातून काही काळ रजा घेतली. इतरांच्या भावना समजून घेण्यासाठी आपण मदत घेणार आहोत, असेही त्यांनी लिहिले. त्याच दिवशी जुन्या मसुद्याच्या जागी 'कॉन्ट्रिब्युटर कव्हेनन्ट'वर आधारलेली आचारसंहिता आली. कोरालिन एडा एमके यांनी २०१४ मध्ये तयार केलेला हा नमुना अनेक मुक्त स्रोत प्रकल्पांनी स्वीकारला आहे. ४.१९ आवृत्ती ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्या देखरेखीखाली २२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर टॉरवाल्ड्स परतले.

नव्या संहितेवर उलट बाजूनेही टीका झाली. तिच्या आधारे तांत्रिक मतभेद दडपले जातील आणि गुणवत्तेऐवजी गोड बोलण्याला महत्त्व येईल, अशी भीती काहींनी व्यक्त केली. संहितेचा अर्थ कसा लावायचा याचे स्वतंत्र टिपण प्रकल्पाने पुढच्याच महिन्यात जोडले. कर्नलचा विकास त्यानंतर थांबला नाही आणि सदोष बदल नाकारण्याचे प्रमाण घटल्याचीही तक्रार ठळकपणे पुढे आलेली नाही. टॉरवाल्ड्स यांची उत्तरे आजही तिखट असतात.

संहिता केवळ कागदावर नाही, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये दिसले. एका फाइल प्रणालीच्या मेंटेनरने दुसऱ्या विकासकाला उद्देशून अपमानकारक मजकूर लिहिला होता. त्याबद्दल जाहीर माफी न मागितल्याने ६.१३ या आवृत्तीच्या काळात त्याचे बदल न स्वीकारण्याचा निर्णय झाला. या प्रकरणातही मुळात वाद तांत्रिक होता, आणि त्या मेंटेनरची बाजू तांत्रिकदृष्ट्या योग्य असल्याचे म्हणणारे वाचकही होते.

कर्नलच्या चर्चेतील १,५४५ ईमेलांचा इझाबेला फरेरा, जिंगहुई चेंग आणि ब्रॅम ॲडम्स यांनी केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. नाकारल्या गेलेल्या बदलांवरील या चर्चेत तांत्रिक आशय नसलेल्या ईमेलांपैकी निम्म्याहून अधिक ईमेलांत असभ्यतेची लक्षणे आढळली. त्यांत वैताग, नावे ठेवणे आणि उतावीळपणा ही सर्वांत वारंवार येणारी लक्षणे होती.

कंपन्यांतील 'स्पष्टवक्तेपणा'

अनेक तंत्रज्ञान कंपन्यांनी कठोरपणाला मूल्याचा दर्जा दिला आहे. इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांच्या काळात 'विधायक संघर्ष' ही पद्धत कर्मचाऱ्यांना रीतसर शिकवली जाई: वाद समस्येशी घालावा, माणसाशी नव्हे, आणि हुद्दा न पाहता घालावा. ॲपलची मोबाइलमी ही सेवा २००८ मध्ये सदोष अवस्थेत सुरू झाल्यावर स्टीव्ह जॉब्स यांनी त्या गटाला सभागृहात एकत्र बोलावून खडसावले आणि तेथेच प्रमुख बदलला, असे वृत्त 'फॉर्च्यून' नियतकालिकाने २०११ मध्ये दिले. ही कथा उत्कृष्टतेच्या आग्रहाचे उदाहरण म्हणून अनेकदा सांगितली जाते. ती एकदाच घडलेली घटना असल्याने छळाच्या रूढ व्याख्येत बसत नाही. परंतु ती सांगणारे बहुधा सभागृहात बसलेल्या साध्या अभियंत्याच्या जागेवरून सांगत नाहीत.

उबरच्या मूल्यांच्या जुन्या यादीत सत्याच्या आग्रहासाठी दुसऱ्याच्या पायावर पाय देण्याला मुभा होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवे मुख्याधिकारी दारा खोस्रोशाही यांनी ते मूल्य वगळले. कनिष्ठांनीही निःसंकोच बोलावे हा त्यामागचा मूळ हेतू होता, पण व्यवहारात ते उर्मट वागण्याचे निमित्त ठरले, असे कारण त्यांनी दिले. वरिष्ठांनी कनिष्ठांना बोलण्याची मोकळीक आणि कनिष्ठांनी वरिष्ठांना बोलण्याची मोकळीक कागदावर एकाच वाक्यात लिहिता येते, पण वापरली जाते ती बहुधा पहिलीच. नेटफ्लिक्सने मात्र २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या कार्यसंस्कृतीविषयक मांडणीत हुशार पण उद्धट माणसांची किंमत सांघिक कामाला परवडत नाही, अशी भूमिका घेतली.

भेद ओळखण्याचे निकष

'टीका कामावर की माणसावर' हा सर्वांत प्रचलित निकष. तो उपयुक्त आहे, पण पुरेसा नाही. पुढील दोन वाक्ये पाहावीत. 'हे फंक्शन उघडलेली फाइल बंद न करताच परतते; भार वाढला की सर्व्हर कोलमडेल; हा बदल असा स्वीकारणार नाही.' आणि 'असली आज्ञावली लिहिणाऱ्याला मुलाखतीत पास कोणी केले?' पहिले वाक्य कठोर आहे, त्यात गोडवा नाही, पण दोष कोणता, त्याचा परिणाम काय आणि निर्णय काय, हे तिन्ही त्यात आहे. दुसऱ्यात यांपैकी एकही नाही. ते ऐकून आज्ञावली सुधारता येत नाही.

अवघड प्रकरणे या दोहोंच्या पलीकडची असतात. एखादा परीक्षक एका विशिष्ट सहकाऱ्याचेच बदल आठवडाभर न पाहता ठेवतो. पाहिले की 'कृपया पुन्हा एकदा विचार व्हावा' एवढेच नम्रपणे लिहितो. एक दुरुस्ती केली की पुढच्या फेरीत नवीच उणीव काढतो. इतरांच्या आज्ञावलीत तीच त्रुटी मात्र त्याला खटकत नाही. यातील प्रत्येक आक्षेप सुटा पाहिला तर योग्य असू शकतो आणि भाषा तर निर्दोषच असते. छळ येथे शब्दांत नसून निवडीत आणि पुनरावृत्तीत आहे. बैठकीच्या निमंत्रणातून नाव वगळणे, किरकोळ चुकीच्या ईमेलमध्ये वरिष्ठांचे वरिष्ठ 'सीसी'त घेणे, मध्यरात्री उत्तर मागणे आणि सकाळी ते न आल्याचा उल्लेख सर्वांसमोर करणे, हे त्याच जातीचे प्रकार.

म्हणून अभ्यासक आणि तक्रारींची चौकशी करणारे आणखी काही गोष्टी पाहतात. तोच नियम सर्वांना लागू होतो का? काय केले असता काम मान्य होईल, हे टीकेतून कळते का? टीका सहन करणाऱ्याला प्रत्युत्तर देता येते का, आणि दिल्यास त्याचे काय होते? यांतील शेवटचा प्रश्न बहुधा सर्वाधिक निर्णायक असतो. वरिष्ठाचे म्हणणे चुकीचे आहे, असे कनिष्ठाने पुराव्यासह दाखवले आणि वरिष्ठाने ते मानले, तर तेथील भाषा कितीही रांगडी असली तरी ती टीकाच राहते. त्याच प्रत्युत्तराची किंमत पुढील मूल्यांकनात वसूल केली गेली, तर मूळ भाषा सौम्य होती याला फारसा अर्थ उरत नाही.

टीकाकाराचा हेतू हा निकष मात्र फसवा आहे. छळ करणाऱ्यांपैकी अनेकांना आपण गुणवत्तेचे रक्षण करत आहोत असे प्रामाणिकपणे वाटत असते. उलट, टीकेने मन दुखावले एवढ्यावरून छळ सिद्ध होत नाही. दोष दाखवला जाणे कोणालाच सुखद नसते.

परिणामांच्या बाजूने एमी एडमंडसन यांचे संशोधन महत्त्वाचे मानले जाते. रुग्णालयांतील औषधविषयक चुकांचा अभ्यास करताना, चांगले नेतृत्व असलेल्या कक्षांत चुकांची नोंद कमी नव्हे तर जास्त आढळते, असे त्यांना १९९०च्या दशकात दिसून आले. तेथे चुका जास्त होत नव्हत्या. त्या बोलून दाखवल्या जात होत्या. यातूनच १९९९ मध्ये त्यांनी गटांच्या संदर्भात 'मानसिक सुरक्षितते'ची संकल्पना मांडली. गूगलने आपल्या १८०हून अधिक गटांच्या अंतर्गत अभ्यासानंतर २०१५ मध्ये हाच घटक परिणामकारक गटांचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण असल्याचे जाहीर केले. या संकल्पनेचा अर्थ 'कोणी कोणाला कडू बोलू नये' असा लावला जातो, तो चुकीचा आहे. संचालकापुढे 'ही मुदत पाळता येणार नाही' असे म्हणता येणे, हे तिचे अधिक चांगले उदाहरण होय. सर्व्हर बंद पडण्यासारख्या घटनेनंतर दोषी व्यक्ती शोधण्याऐवजी कारणांची साखळी शोधणारी 'दोषारोपविरहित' चौकशी याच विचारातून आली. एट्सी कंपनीतील जॉन ऑलस्पॉ यांच्या २०१२ मधील लेखाने ती सॉफ्टवेअर क्षेत्रात रूढ केली.

धोरण म्हणून छळ: फ्रान्स टेलिकॉम

छळ हा एखाद्या तापट व्यवस्थापकाचा दोष असतो, ही समजूत फ्रान्स टेलिकॉमच्या खटल्याने मोडीत काढली. आज ऑरेंज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दूरसंचार कंपनीने २००६ मध्ये तीन वर्षांत २२,००० पदे कमी करण्याची व १०,००० जणांच्या बदल्या करण्याची योजना आखली. कर्मचाऱ्यांपैकी बहुसंख्य जणांना सरकारी सेवेचे संरक्षण होते, त्यामुळे त्यांना काढणे शक्य नव्हते. ते स्वतःहून जातील, दाराने नाही तर खिडकीने, अशा आशयाचे उद्गार मुख्याधिकारी दिदिए लोंबार यांनी वरिष्ठांच्या बैठकीत काढले. पुढील काळात वारंवार बदल्या, कामाविना बसवून ठेवणे, पद कमी करणे असे प्रकार घडले आणि आत्महत्यांची मालिका सुरू झाली. न्यायालयाने ३९ कर्मचाऱ्यांची प्रकरणे तपासली. त्यांपैकी १९ जणांनी आत्महत्या केली होती आणि १२ जणांनी तसा प्रयत्न केला होता.

२० डिसेंबर २०१९ रोजी पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीला ७५,००० युरो दंड आणि लोंबार यांना कारावासाची शिक्षा सुनावली. अपिलात २०२२ मध्ये शिक्षा सौम्य होऊन स्थगित स्वरूपाची झाली, पण दोषसिद्धी कायम राहिली. २१ जानेवारी २०२५ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. छळ करणारा आणि सोसणारा यांची समोरासमोर गाठही पडलेली नसताना, कंपनीच्या धोरणातून 'संस्थात्मक मानसिक छळ' घडू शकतो, हे त्यातून प्रस्थापित झाले. या खटल्यात टीकेचा आवाज चढलेला नव्हता. तेथे आकडे आणि उद्दिष्टे होती.

विविध देशांतील कायदे

स्वीडनने १९९३ मध्ये कार्यस्थळीय छळाविरुद्ध जगातील पहिल्या नियमांपैकी एक केला. फ्रान्समध्ये 'मानसिक छळ' २००२ पासून दंडनीय आहे. टीका आणि छळ यांतील सीमारेषा कायद्याच्या भाषेत सर्वांत स्पष्टपणे ऑस्ट्रेलियाने आखली आहे. तेथे १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या तरतुदींनुसार आरोग्याला व सुरक्षिततेला धोका निर्माण करणारे, वारंवार घडणारे अवाजवी वर्तन म्हणजे छळ. मात्र वाजवी रीतीने केलेली वाजवी व्यवस्थापकीय कारवाई त्यातून वगळलेली आहे. 'वाजवी' हा शब्द येथे दोनदा येतो, आणि तो मुद्दाम येतो: कर्मचाऱ्याचे काम खराब असल्याने त्याला समज देणे वाजवी असेल, पण ती सर्वांदेखत आणि ओरडून देणे वाजवी असेलच असे नाही.

जपानमध्ये 'पॉवर हरासमेंट' या जपानी-इंग्रजी शब्दाने हे वर्तन ओळखले जाते. २०१९ मध्ये संमत झालेला कायदा जून २०२० पासून मोठ्या आणि एप्रिल २०२२ पासून लहान-मध्यम उद्योगांना लागू झाला. त्यात वरचढ स्थान, कामाच्या दृष्टीने आवश्यक व योग्य मर्यादेचे उल्लंघन आणि कामाच्या वातावरणाची हानी, असे तीन घटक आहेत. अधिकृत मार्गदर्शनात वर्णिलेल्या सहा प्रकारांत अवाजवी काम लादणे आणि अवाजवी कमी काम देणे, हे दोन्ही आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेला करार क्रमांक १९० हा जून २०२१ पासून अमलात आला असून त्यात हिंसा आणि छळ यांची व्याख्या करताना एकदाच घडलेल्या कृतीचाही समावेश केला आहे.

भारतातील स्थिती

भारतात कार्यस्थळीय छळाविरुद्ध सर्वसाधारण कायदा नाही. महिलांचे कामाच्या ठिकाणी होणारे लैंगिक छळापासून संरक्षण करणारा २०१३ चा अधिनियम दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती बंधनकारक करतो; परंतु लैंगिक स्वरूप नसलेला पाणउतारा तिच्या कक्षेत येत नाही. जातीवरून केलेल्या अपमानासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. उरलेल्या तक्रारी कंपनीच्या स्वतःच्या आचारनियमांनुसार मनुष्यबळ विभागाकडे जातात, आणि त्या विभागाची बांधिलकी अखेर व्यवस्थापनाशी असते.

भारतीय दंड संहितेच्या कलम ५०४ मध्ये शांतताभंगास चिथावणी मिळावी या उद्देशाने केलेला हेतुपुरस्सर अपमान गुन्हा होता. भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम ३५२ मध्ये आहे. १० फेब्रुवारी २०२५ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, वरिष्ठाने कामाच्या संदर्भात कनिष्ठाला केलेली कानउघाडणी या कलमाखालील हेतुपुरस्सर अपमान ठरत नाही, असे म्हटले. तसे मानले तर कार्यालयीन शिस्तच अशक्य होईल, असा न्यायालयाचा विचार होता. हा निकाल फौजदारी गुन्ह्याची मर्यादा सांगतो. कानउघाडणी केव्हा छळ बनते, हा प्रश्न त्याने सोडवलेला नाही, आणि त्या प्रकरणात तो सोडवण्याचे कारणही नव्हते.

पुण्यातील हिंजवडी व खराडी, नवी मुंबईतील ऐरोली, तसेच बंगळूर आणि हैदराबाद येथील सेवा कंपन्यांत सत्तेची साधने कोड रिव्ह्यूपेक्षा वेगळी असतात. वार्षिक 'रेटिंग', परदेशी पाठवण्याची शिफारस, प्रकल्पातून 'रिलीज' न देणे किंवा अचानक देऊन 'बेंच'वर बसवणे, राजीनाम्यानंतरचा दीर्घ नोटीस कालावधी आणि अनुभवपत्र, या सर्वांवर व्यवस्थापकाचे नियंत्रण असते. अशा स्थितीत त्याला आवाज चढवावाच लागत नाही. कामगिरी सुधारणेसाठी दिली जाणारी मुदतबंद योजना हे याचे बोलके उदाहरण: तिच्यातील उद्दिष्टे गाठण्याजोगी असतील, तर ती कठोर पण उपयुक्त टीका असते, राजीनामा मिळवण्यासाठी ती आखली असेल, तर कागदावरील रूप तेच राहून तिचा स्वभाव बदलतो. ग्राहकाने केलेली तक्रार वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर अधिक कडवट होत जाते, हाही सेवा कंपन्यांचा विशेष आहे.

कर्नाटक राज्याने माहिती तंत्रज्ञान उद्योगाला औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियम, १९४६ मधून सूट देताना तक्रार निवारण समिती स्थापन करण्याची अट घातली होती. पुण्यातून काम करणारी नॅसेंट इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी एम्प्लॉइज सेनेट ही संघटना सक्तीचे राजीनामे आणि नोकरकपात यांबाबतच्या तक्रारी कामगार विभागाकडे नेते. व्यवस्थापकीय कामे करणारे कर्मचारी मात्र कामगार कायद्यांतील 'कामगार' या व्याख्येबाहेर राहतात, आणि गटप्रमुखपदावरील अभियंता या व्याख्येच्या आत की बाहेर, याचा निर्णय त्याच्या पदनामावरून न होता प्रत्यक्ष कामाच्या स्वरूपावरून होतो.